हिरव्या जोडावरची सही

मास्तरांना जाऊन वर्ष होत आलं. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत. मला त्यांचा राग आहे, माझा स्वतःचा त्याहून जास्त आहे, आणि पुण्याच्या त्या शहाण्याचा तर एवढा आहे की मोबाईलवर त्याचा नंबर दिसला तरी तळपायाची आग मस्तकात जाते. इतक्या वर्षांच्या ओळखीत मास्तरांनी माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती. एका कार्डावर त्यांच्या आईचं नाव लिहून दे म्हणाले होते. मी लिहिलं नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. कपडे शिवणारा जसा टेलर मास्तर, तसे हे बुटांचे. नगरजवळ भिंगारला, लष्कराच्या कॅम्पाच्या अंगाला त्यांची पत्र्याची टपरी होती. आत एक पाट, आरी, कातडं कापायची रापी, मेणाचा गोळा, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या टाचाच टाचा. लोक त्यांच्याकडं चपलेचा अंगठा शिवायला यायचे. त्यांना दुसरंही एक येतं, हे त्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि मास्तरांनाही त्याचं काही वाटत नव्हतं. बायकांचे जुने बूट आणि त्याच कातड्याची पर्स असा जोड त्यांच्यापुढं ठेवला की तो केव्हाचा, आणि खरोखर एकाच हातचा की मागाहून कुणी जुळवलेला, हे ते सांगायचे.

असे जोड नगरमध्ये अजून निघतात. पूर्वी कॅम्पातल्या साहेबांच्या बायका, नंतर आपल्याच अधिकाऱ्यांच्या बायका, डॉक्टरणी, मिशनच्या शाळांतल्या बाया हौसेनं ते शिवून घ्यायच्या. लग्नाला, चर्चला, क्लबात मिरवायच्या. आता त्यांच्या नाती माळा आवरतात आणि गाठोडं घेऊन माझ्याकडं येतात. माझं माळीवाड्यात पर्स-बॅगा दुरुस्तीचं दुकान आहे. चेन बदलते, अस्तर घालते, आणि जुनं काही चांगलं मिळालं की नीट करून, मोबाईलवर फोटो टाकून विकते. जुन्या वस्तूंचे शौकीन मुंबई-पुण्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांना आधी एकच प्रश्न असतो: हे खरं कशावरून?

मास्तरांची नि माझी पहिली भेट भांडणानंच झाली. काष्टीच्या बाजारात जुनं सामान विकणाऱ्याकडं मला तपकिरी बूट आणि तपकिरी पर्स मिळाली होती. मी हरखून गेले होते. बुटाची एक टाच हलत होती, ती बसवायला कुणीतरी मास्तरांकडं पाठवलं. त्यांनी बूट हातात घेतला, पर्सकडं बघितलं, आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मी कुणाचं पोर पळवून आणलंय.

"ह्या दोगांचं लगीन कुनी लावलं?"

"कुणाचं लग्न?"

"बूट म्हातारा हाय. पर्स त्याची नात शोभंल. लाज न्हाई वाटली जोडी लावताना?"

"अहो मास्तर, टाच बसवा. पत्रिका जुळवायला नाही आणलं मी."

"टाच बसवतो. पन आधी ऐकून जा." मग त्यांनी बुटाचं आतलं अस्तर नखानं उचकटलं. कडेनं कुरतडलेलं होतं. "हितं खळ लावलेली. पिठाची. झुरळानं खाल्लीय बघ. आता पर्स बघ. हिला सोल्युशन हाय. झुरळ सोल्युशन खात न्हाई, त्याला अक्कल हाय. बुटाला मेनाचं सूत, पर्सला नायलॉन. टाच कातड्याच्या चकत्यांची, आन् पर्सच्या झाकनात फोम. तुला कुनी गंडवली गं पोरी?"

पोरी! मी तेव्हा चाळिशीला टेकले होते. टाच न बसवताच तणतणत घरी आले, आणि रात्रभर मला झुरळ दिसत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत टपरीवर गेले. त्यानंतर जात राहिले.

त्यांच्या तऱ्हा सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. डाव्या हातात ते लोकरी मोजा घालायचे आणि डोळे मिटून तो हात बुटात सारायचे. मग आतूनच बोलायला लागायचे. "बाई अंगानं जड. उजव्या पायावर भार. आंगठ्याला कुरूप हुतं. दोनदाच घातलाय, पन दोन्ही वेळेला लई नाचली." समोर त्या बाईची सून उभी असायची. एखादी हसायची, एखादी चिडून निघून जायची. पर्सचा रंग मूळचा की मागून दिलेला हे बघायला ते बोटावर थुंकायचे आणि झाकणाच्या घडीत घासायचे. मी कापूस दिला, पाण्याची बाटली दिली. "पान्याला काय कळतंय?" म्हणाले. गिऱ्हाइकांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कुरियरनं आलेला जोड ते त्या दिवशी बघायचेच नाहीत. "परवासातनं आल्यात, टेकू दे त्यान्ला." मुंबईची बाई मला दर तासाला फोन करतेय, आणि हे महाशय बूट-पर्स फडक्यावर शेजारी शेजारी निजवून शेजाऱ्याच्या चपलेला पट्टा लावत बसलेत! मी एकदा भडकले तर म्हणाले, "तू मामाच्या गावाला गेल्यावर लगीच कामाला लागायचीस का?"

लेबल ते कधी बघत नसत. अंगठ्यानं झाकूनच तपासायचे. "लेबल म्हंजे लग्नपत्रिका. पत्रिका छापायला काय लागतंय? लगीन झालं का न्हाई ते टाक्यात बघायचं."

सालाचं तर विचारूच नका. एकोणीसशे अमुक असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. "आन्याच्या वेळंचं" म्हणजे नवे पैसे यायच्या आधीचं. "भायेरच्या चेनचं" म्हणजे चांगली पितळी चेन परदेशातून यायची तेव्हाचं. "दुष्काळाच्या अलीकडचं", "प्लॅस्टिकच्या टाचेचं". बुटाच्या तळव्याखाली खडूनं लिहिलेली किंमत कमानीच्या खळग्यात कधी कधी पुसायची राहून जाते. तिथं आणे दिसले की ते असे खूश व्हायचे की जणू ते त्यांनाच मिळाले. त्यावरून दशक काढायचं काम माझं. हळूहळू मलाही कळायला लागलं. आज मला जे काही येतं ते सगळं त्या टपरीतलं आहे. हे कबूल करायलाही राग येतो, पण खरं आहे ते खरं आहे.

कार्डाची कल्पना माझी. पिवळसर जाड कार्ड, त्यावर इंग्रजीत मजकूर: जोड अस्सल आहे की नाही, साधारण केव्हाचा, कशावरून. खाली मास्तरांची मराठी सही. शौकिनांना ती फार आवडायची. वाकडी, थरथरती, एकेक अक्षर शिवल्यासारखं. मास्तर मराठी अडखळत वाचायचे, इंग्रजी मुळीच नाही. म्हणून आमचा एक रिवाज होता. मी कार्ड पुढं ठेवायचं, ते म्हणायचे, "वाच," आणि मी त्यातलं सगळं मराठीत वाचून दाखवायचं. प्रत्येक वाक्याला ते मान हलवायचे. मग सही. एकदा मी घाईत दोन वाक्यं गाळली तर लगेच पकडलं. "येवढं इंग्रजी आन् येवढुसं मराठी? काय खाल्लंस मदलं?" मी खजील होऊन सगळं वाचलं.

खोटं त्यांना खपत नसे. सावेडीच्या एक बाई सासूबाईंचा जोड घेऊन आल्या होत्या, आणि टपरीच्या दारात गाडीतून न उतरता काच खाली करून बोलत होत्या. मास्तरांनी मोज्याचा हात घातला, थुंकून घासलं, आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडले, "बूट तुमच्या सासूचं. पर्स सासू मेल्यावरची!" बाई म्हणाल्या की घरात सगळ्यांना ठाऊक आहे, हा जोड लंडनचा आहे. "मंग घरातल्यांचीच सही घ्या," म्हणून त्यांनी दोन्ही वस्तू गाडीच्या खिडकीतून आत ठेवल्या. मी ते गिऱ्हाईक गमावलं. घरी येऊन आदळआपट केली. पण मनातून मला फार बरं वाटलं होतं. हा माणूस कुणासाठीही टाका हलवणार नाही, असं मला वाटलं, आणि ते बरोबरच होतं. तो टाका मी हलवला.

तो जोड पुण्याच्या त्या व्यापाऱ्यानं आणला. आमच्या भिंगारच्या कॅम्पातल्या एका बंगल्यातून जुनं सामान निघालं होतं, त्यात त्याला तो मिळाला. बाटलीच्या हिरव्या रंगाचे बूट, तसलीच पर्स. अंगावर एक ओरखडा नाही. पर्सच्या आत सोनेरी अक्षरांचं परदेशी लेबल. पुण्यात एका धनिकाचं जुन्या पोशाखांचं दालन उघडायचं होतं, त्यात मधोमध काचेखाली हा ठेवायचा ठरलेला. फक्त कार्ड हवं होतं. "तुमच्या मास्तरांची सही म्हणजे बाजारात शब्द आहे हो ताई," असं तो म्हणाला. मी फुशारून गेले. बाजार मी उभा केला होता ना!

मास्तरांनी जोड एक दिवस निजवला. दुसऱ्या दिवशी 'उद्या ये' म्हणाले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी टपरी बंद. मी त्यांच्या घरी गेले, मागच्याच गल्लीत. उंबऱ्यावर बसले होते, पर्स मांडीवर, बूट शेजारी. हातात मोजा नव्हता.

"बस," म्हणाले. "हे आमच्या आईनं शिवलंय. दोन्ही."

मला आधी हसू आलं. मग त्यांनी दाखवलं. टाके एरवी एका बाजूला झुकतात, हे उलट्या बाजूला झुकलेले होते. म्हातारी डावरी होती. मग त्यांनी रापीच्या टोकानं बुटातलं आतलं पातळ कातडं हलकेच उचललं. त्याखाली पर्सच्या अस्तराचा बारका तुकडा होता, बारीक फुलाफुलांचा. पर्सच्या बुडाचे पाच टाके उसवले तर आत बुटाच्या हिरव्या कातड्याचा तुकडा.

"ही तिची सवय. ह्याचा तुकडा त्याच्यात, त्याचा ह्याच्यात. म्हनायची, लोकांच्या घरी जायाचंय, ताटातूट झाली तर वळख ऱ्हावी."

मग सगळं निघालं. बाप कॅम्पातल्या एका दुकानासाठी काम करायचा. मापं घ्यायचा, फर्म्यावर कातडं कापायचा. घरी आणल्यावर शिवायची आई. तिनं दुकानात कधी पाऊल ठेवलं नाही. शेठला वाटायचं बापच शिवतो, आणि बापानंही त्याला कधी सांगितलं नाही. शेठच्या खणात परदेशी लेबलांचा डबा होता. जी मेमसाहेब नाक मुरडेल तिच्या पर्सला एक लेबल.

"येवढे जोड बघितले," मास्तर म्हणाले, "तिचा येक बी कदी हातात आला नव्हता. मला वाटायचं सगळं कुजलं आसंल." मग म्हणाले, "कार्डावर तिचं नाव घाल."

आणि त्यांनी मला नाव सांगितलं. हळू आवाजात, इकडंतिकडं बघून. आईचं नाव असं कुणी घेत नाही, आई म्हणतात. आडनाव नको म्हणाले, ते बापाचं. नुसतं तिचं. मी "बरं" म्हटलं. लिहून घेतलं नाही. उठून आले.

पुण्याला फोन केला. तो माणूस आधी हसला, मग समजुतीनं बोलायला लागला, आणि या समजुतीच्या बोलण्याचाच मला जास्त संताप येतो. "ताई, लोक काचेसमोर उभे राहतात ते लेबलासाठी. भिंगारच्या गल्लीतल्या बाईचं नाव घातलं तर बघणार कोण? आणि दालनाच्या मालकांना असलं नाही चालायचं हो. समजून घ्या." जात त्यानं उच्चारली नाही. उच्चारायची गरजच नव्हती, मला ती फोनमधून स्वच्छ ऐकू आली. आणि मी काय केलं? खाडकन फोन ठेवायला हवा होता. मी म्हटलं, "बघते."

उद्घाटनाला मला बोलावणार होते. जाणकार म्हणून चार लोकांपुढं उभं करणार होते. आयुष्यभर चेनी बदलणाऱ्या बाईला याची भूल पडते, पडू नये पण पडते. मी स्वतःला सांगितलं की म्हातारी कधीच मातीला मिळालीय, तिला काय फरक पडतो? मास्तर पुण्याला थोडेच जाणार आहेत? त्या पाच टाक्यांत मीच पुन्हा सुई घातली, जुन्या भोकांतून, अगदी मास्तरांनी शिकवलं तसं. आणि कार्ड छापलं. अस्सल परदेशी जोड, मूळ लेबलासह.

दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन गेले. मास्तरांनी हात धुतले, चष्मा लावला. "वाच."

मी वाचलं. कार्डावरच्या इंग्रजी ओळींवर बोट फिरवत, एकाही ओळीत नसलेलं मराठी वाचलं. हा जोड भिंगार येथे अमुक बाईंनी हातानं शिवला, दोन्ही वस्तू एका कातड्याच्या, असं सगळं. त्यांची आई डावरी होती हेसुद्धा घातलं, म्हणजे लांबी बरोबर भरावी. लांबीचा त्यांना संशय यायचा ना. तिचं नाव मी स्पष्ट घेतलं.

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. पुन्हा नाव घेतलं. त्यांनी सही केली, आणि उठून कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे आणले. गल्लीभर वाटले. "आईचं काम पुन्याला चाललंय, काचंत ठेवनारेत," असं दारोदार सांगत फिरले. एक पेढा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. थुंकून टाकायला हवा होता, गिळला मेला.

उद्घाटन झालं. मी जरीची साडी नेसून गेले, दोन मिनिटं बोलले, फोटो निघाले. पंधरा दिवसांनी मास्तर माझ्या दुकानात आले. ते कधीच येत नसत, मीच जायची. त्यांच्या शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी, तिनं मोबाईलवर दालनाचे फोटो शोधले होते. मास्तरांना कौतुकानं दाखवायला. फोटोत कार्ड होतं, आणि पोरगी हुशार, तिनं ते जसंच्या तसं मराठीत वाचून दाखवलं.

मी शिवणमशीन थांबवलं. मनाची तयारी केली. हा माणूस टाचेच्या एका खिळ्यावरून रस्ता गोळा करतो, आता माझं दुकान डोक्यावर घेणार, आणि घेऊ दे, मी ऐकून घेईन, पाया पडेन. मास्तर दारातच उभे राहिले. आत आले नाहीत.

"तुमी दोनदा वाचलं," म्हणाले. "दोनी वेळंला तिचं नाव नीट घेतलं."

बस. एवढंच. आणि गेले. शिवी नाही, शाप नाही. 'पोरी'चं 'तुमी' झालं, आणि ते शेवटपर्यंत 'तुमी'च राहिलं. त्यानंतर दोन वर्षं मी टपरीवर जात होते. माझ्या चपलेचा पट्टा ते शिवून द्यायचे, कुणाही गिऱ्हाइकाला द्यावा तसा. "बसा ताई. झालंच ताई." जोड घेऊन गेले तर म्हणायचे, "आता दिसत न्हाई." झुरळानं खाल्लेली खळ बुटाच्या आतल्या अंधारात दिसणाऱ्या माणसाला! माफी मागायला मी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा त्यांनी हातोडी घेतली आणि ठोकायला लागले. कार्ड बदलून घेते असं मी म्हटलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. सही माझीच हाय." मला याचाच राग आहे. ओरडले असते, चारचौघांत माझी शोभा केली असती, तर मी सुटले असते. त्यांनी मला सुटू दिलं नाही. आणि मी तरी कुठली खमकी? खरंच बदलायचं असतं तर पुण्याला जाऊन काच फोडून आणलं असतं ते कार्ड. नाही गेले. दुकान होतं, दिवाळी होती, लग्नसराई होती. निमित्तांना काय तोटा?

ते गेले ते मला तेराव्यानंतर कळलं. कुणी कळवलं नाही. कळवावं असं मी काही केलंही नव्हतं.

गेल्या महिन्यात पुण्याच्या शहाण्याचा फोन आला. आवाजात साखर. "ताई, त्या हिरव्या जोडाचं आठवतंय? तुम्ही म्हणाला होतात ना, कुणी बाईनं शिवलाय म्हणून? अहो, आता लोकांना तेच हवंय. आपल्या मातीतला कारागीर, त्यातून बाई, त्यातून तशा समाजातली. परदेशी लेबलाला आता कुणी विचारत नाही. दालनवाले बोर्ड बदलतायत, मोठा फोटो लावणार आहेत. नाव काय म्हणाला होतात त्या बाईचं?"

मी तोंड उघडलं, आणि नाव आलं नाही.

आधी वाटलं रागानं आलं नाही. "उद्या सांगते," म्हणून फोन ठेवला. पाणी प्यायले, डोळे मिटून त्या उंबऱ्यावर जाऊन बसले, मास्तरांचा हळू आवाज ऐकायला बघितला. "कार्डावर तिचं नाव घाल." पुढचं ऐकूच येईना. लिहायचं नाही हे मी मनात तेव्हाच ठरवलं होतं की काय कोण जाणे, म्हणून ते त्या दोन वाचनांपुरतं तोंडात राहिलं आणि गेलं.

भिंगारला गेले. टपरीच्या जागी मोबाईलचं कव्हर विकणारा बसतो. मास्तरांना मूलबाळ नव्हतं, पुतण्या आहे. तो म्हणाला, "आमी आज्जीच म्हनायचो. नाव कुनाला म्हाईत?" त्यानं कागदांची पिशवी ओतली. रेशनकार्ड, आधार, बँकेचं पुस्तक, सगळीकडं मास्तरांचं नाव आणि मधे बापाचं. मृत्यूच्या दाखल्यावर आईच्या नावाचा रकाना होता. मी झडप घातली. तिथं आडवी रेघ होती. "इचारलं हुतं त्यांनी," पुतण्या म्हणाला, "मला सांगता न्हाई आलं."

पेढे खाल्लेली गल्ली पालथी घातली. सगळ्यांना पेढे आठवत होते. "मास्तरांच्या आईचे" म्हणून आठवत होते. नाव मास्तरांनी कुणाला सांगितलंच नव्हतं, ते कार्डावर आहे असं त्यांनी सांगितलं होतं. कॉलेजातल्या त्या मुलीचं आता लग्न झालंय, तिचा नंबर मिळवला. ती सरळच म्हणाली, "मावशी, मी कार्डावर होतं तेवढं वाचलं. नाव नव्हतंच. तुम्हाला सांगितलं होतं ना त्यांनी?"

हो. मलाच सांगितलं होतं. आख्ख्या जगात मलाच.

परवा पुन्हा त्याचा फोन. बोर्ड छापायला जायचाय म्हणे. मी खरं सांगितलं, आठवत नाही. तो त्याच समजुतीच्या आवाजात म्हणाला, "अहो मग त्या काळचं एखादं सांगा ना. काशीबाई घाला, ठकूबाई घाला. कोण तपासायला येतंय?"

मी त्याला शिव्या घातल्या. दुकानात दोन बायका चेन बदलून घ्यायला बसल्या होत्या, त्यांच्यासमोर घातल्या. त्याच्या आईपासून आजीपर्यंत कुणाला सोडलं नाही. माहीत असलेली एकेक शिवी आठवून दिली, नाव मात्र आठवलं नाही.